वर्षाच्या आत

घाटकोपरच्या पंतनगरात कुणाला वेळ जात नसला की तो जयवंत घाडीला हटकायचा, "काय घाडी, अजून इथेच?" दूधकेंद्रावर, रेशनच्या रांगेत, गणपतीच्या मंडपात, एकदा तर मयताला गेले असताना. जयवंत हसून म्हणायचा, "नंबर लागलाय, येईल बोलावणं." त्याची आई रुक्मिणीबाई जवळ असल्या की उत्तर त्यांच्याकडून यायचं. "इथेच आहोत हो. तुमच्या पोराच्या बारशाला थांबलो होतो, आता त्याचं लग्न लावूनच जाऊ म्हणतो." मग विचारणारा महिनाभर त्या बाजूला फिरकत नसे.

नंबर लागला होता ही गोष्ट खरी. रुक्मिणीबाईंची लेक वसुधा नर्स होऊन शिकागोला गेली, तिकडची नागरिक झाली आणि तिने भावासाठी अर्ज भरला. भाऊ, भावजय सुगंधा आणि त्यांची एकुलती एक मुलगी अनुपमा. तेव्हा अनु सातवीत होती, दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता ती बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती तरी अर्ज आपला रांगेतच. सख्ख्या भावंडांची रांग सगळ्यात लांब. अमेरिकेची वकिलात दर महिन्याला एक तारीख सांगायची. त्या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज भरला असेल त्यांना बोलावणं, बाकीच्यांनी गप बसायचं. ती तारीख कधी आठवडाभर पुढे सरके, कधी डबक्यातल्या म्हशीसारखी महिनोन्‌महिने बसून राही. काठी घेऊन उठवायची म्हटलं तर म्हैस साता समुद्रापलीकडे.

आईसाठी मात्र रांग नव्हती. वसुधाने लिहिलं होतं, आये, तू हो म्हण, वर्षभरात इथे असशील. रुक्मिणीबाईंनी कळवलं की ज्यांना यायचंय त्यांना आधी ने, मला इथे मच्छीवाली ओळखते तेवढं पुरे.

घरातली एकूण एक गोष्ट त्या तारखेला टांगलेली होती. गिरणीचा संप झाला, जयवंतची नोकरी गेली. बरोबरच्यांनी रिक्षा घेतल्या, कुणी गावी जाऊन कलमं लावली. जयवंत विक्रोळीला एका वर्कशॉपात तात्पुरता म्हणून चिकटला आणि तात्पुरता म्हणूनच राहिला. "कायमचं कशाला करू, आये? मध्येच सोडावं लागेल." दिंडोशीला नव्या वसाहतीत घरं निघाली, शेजारचा भीमराज अर्ज घेऊन दारात आला, जयवंतने त्याला चहा पाजून परत पाठवलं. सुगंधाने मिक्सर घेतला नाही, का तर तिकडची लाईट वेगळी. रुक्मिणीबाई पाट्यावर खोबरं वाटत राहिल्या. "ह्याला कुठलीही लाईट चालते," म्हणायच्या. अनुला बारावीनंतर मास्तरीणबाईंचा कोर्स करायचा होता, दोन वर्षांचा, तो बापाने करू दिला नाही. अर्धवट राहील म्हणाला. तीन वर्षं झाली. तो कोर्स होऊन वर एक वर्ष नोकरी झाली असती.

अशा घरात माघ महिन्यात स्थळ आलं.

स्थळ घाडींच्याच देवगडकडचं, गोरेगावात राहणारं. मुलगा मधुकर, तिथल्या फिल्म स्टुडिओत लाईटमन. मोठमोठे दिवे वर चढवायचे, फिरवायचे, उतरवायचे. मुलाची आई चंपाबाई, गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या निमित्ताने कुठेतरी अनुला बघून गेलेली. ती आली ती थेट मुद्द्यावरच आली.

"आमचे हे गेले श्रावणात," ती म्हणाली. "तुम्हाला रीत ठाऊक आहे, रुक्मिणीबाय."

रीत ठाऊक नसायला काय झालं? घरातलं कर्तं माणूस गेलं की वर्षाच्या आत घरात मंगलकार्य करायचं, नाही जमलं तर पुढची तीन वर्षं थांबायचं. वर्ष संपायचं श्रावणात. पण आषाढात एकादशीनंतर लग्नं लागत नाहीत. म्हणजे हातात ज्येष्ठापर्यंतचे मुहूर्त.

"मुलगी पसंत आहे," चंपाबाई म्हणाली. "देणंघेणं काही नको. नारळ आणि मुलगी. पण ज्येष्ठाच्या आत. तीन वर्षं मी नाही थांबायची, माझे गुडघे नाही थांबायचे."

रुक्मिणीबाईंना बाई आवडली. गुळमुळीत बोलणारी माणसं त्यांना सोसत नसत.

अडचण एकच होती आणि ती डोंगराएवढी. बापाच्या अर्जावर मुलगी जाते ती कुमारिका असेल तरच, आणि एकवीस पूर्ण व्हायच्या आत. लग्न केलं की नाव कटलं. न करता थांबावं तर दिवाळीनंतर अनुला एकवीस पूर्ण होत होती, आणि तोवर बोलावणं आलं नाही तरीही नाव कटलं. म्हणजे लग्न लावलं तर अमेरिका नक्की गेली. नाही लावलं तर स्थळ नक्की गेलं, आणि अमेरिकेचं काय ते त्या म्हशीला माहीत.

जयवंतने शेजारच्या फोनवरून बहिणीला ट्रंक कॉल लावला. वसुधाने तिथल्या वकिलाला विचारून उलट फोन केला. रुक्मिणीबाईंच्या कानाला रिसीव्हर लावलेला, आणि आवाज विहिरीतून यावा तसा. "आये, वकील म्हणतो यंदा तारीख हलायची नाही. झालंच तर ऑक्टोबरनंतर. पण तो खात्री देत नाही."

"मग तो वकील कसला?" रुक्मिणीबाई ओरडल्या. "खात्री नाही ते मलाही सांगता येतं, फुकट!"

चैत्रात तारीख खरंच हलली नाही. त्यानंतरच्या रविवारी जयवंतने राजाराम पेडणेकरला घरी बोलावलं. हा राजाराम मागच्या इमारतीतला, त्याचा मेव्हणा तिकडे. स्वतः रांगेत उभा राहून राहून त्याला रांगेचं सगळं शास्त्र पाठ झालेलं, त्यामुळे वसाहतीतले सगळे त्याचा सल्ला घ्यायचे. पांढरी पँट घालून आला, खुर्चीवर पाय हलवत बसला.

"घाडी, तू उगाच टेन्शन घेतोस यार," तो म्हणाला. "लग्न लाव ना. दणक्यात लाव. फक्त रजिस्टर करू नको. आपल्याकडे कोण रजिस्टर करतं? माझं झालंय? तुझं झालंय? कागद नाही म्हणजे लग्न नाही. साहेब कागद बघतो."

"आणि मुलाखतीला?" जयवंतने विचारलं.

"मुलाखतीला जाताना पोरीने मंगळसूत्र काढून ठेवायचं. जोडवी काढायची. पंजाबी ड्रेस घालून जायचं. विचारलं तर कुमारी. विमानात बसली, तिकडे पोचली, मग सवडीने नवऱ्याला बोलव ना. झकास काम."

जयवंतचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत रुक्मिणीबाईंनी तो असा पाहिला नव्हता, आणि म्हणूनच त्यांना भीती वाटली. त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवलं.

"राजाराम, तुझी बायको काढते का रे मंगळसूत्र?"

"ते वेगळं, काकी."

"मग वेगळं काय ते समजाव मला. मी अडाणी आहे. चौथीत शाळा सुटली माझी."

"काकी, एका सकाळचा तर प्रश्न. लगेच परत घालायचं. दोन तास."

"माझं मी जन्मात एकदाच काढलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "बाळंतपणात काढलं नाही, टायफॉइडने मान सुजली तेव्हा काढलं नाही. काढलं ते ह्याच्या बापाला खांद्यावर घेऊन गेले तेव्हा. आणि तू म्हणतोस पोरीचा नवरा जिता असताना तिने काढायचं, का तर साहेबाला आवडत नाही. देवाबामणासमोर बायको आणि साहेबासमोर कुवार! उद्या तिकडे दिवस गेले पोरीला, मग? पोटातल्याला काय सांगायचं, तू गप बस, तुझं रजिस्टर नाही?"

राजारामने पाय हलवायचे थांबवले. "काकी, मी आपलं मार्ग सांगितला."

"मार्ग दाखवलास, उपकार झाले. आता दार दिसतंय का बघ."

तो गेला. जयवंत आईकडे न बघता म्हणाला, "आठ वर्षं, आये. आठ वर्षं मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन तात्पुरता उभा आहे. कुणासाठी? माझ्यासाठी? मी तिकडे जाऊन कुठला साहेब होणार आहे? पोरीसाठीच ना? आणि तिलाच मागे ठेवून जायचं?"

"मेल्या, म्हणून खोटेपणा करून नेणार? तुझा बाप गिरणीत पस्तीस वर्षं होता, कधी कुणाचं सूत उचलून आणलं नाही."

"बापाने सूत नाही आणलं म्हणून आपण दोन खोल्यांत आहोत," जयवंत म्हणाला, आणि चपला घालून खाली गेला.

हे बोलणं रुक्मिणीबाईंना लागलं. त्यांनी परत सूप हातात घेतलं, पण खडे कुठले नि तांदूळ कुठले ते दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आणि अनु गॅलरीत सुकट निवडत बसल्या होत्या. तोवर ह्या सगळ्यात अनुला कुणी काही विचारलं नव्हतं. रुक्मिणीबाईंनाही ते आत्ताच सुचलं, आणि आत्ता सुचलं ह्याचा त्यांना रागच आला.

"तुला काय हवंय गो?"

अनुने सुकटीतून एक बारका खेकडा वेचून कठड्यावर ठेवला. "मला तारीख हवी, आजी. कसली तरी. सगळे म्हणतात येईल, येईल. परीक्षेची तारीख सोडली तर आजवर मला कुणी एक तारीख सांगितली नाही."

"तारीख म्हणे. श्राद्धालाही तारीखच असते. कंटाळा आला म्हणून लग्न करू नये. कंटाळा लग्नानंतरही येतो, वर स्वयंपाक असतो."

अनु हसली. मग म्हणाली, "कंटाळा म्हणून नाही."

"त्या पोराशी बोललीस?"

"तीनदा."

"तीनदा! मला वाटलं एकदा. काय बोलतो?"

"फार नाही बोलत. ऐकतो. मी त्या कोर्सचं सांगितलं, तर म्हणाला, अजून फॉर्म मिळतात का विचारून येतो. आणि खरंच जाऊन विचारून आला. हसताना तोंडावर हात ठेवतो. दात किडलाय पुढचा."

"दात काढता येतो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आणि अमेरिका?"

अनुने आणखी एक काडी वेचून टाकली. "तिकडचं मला काही ठाऊकच नाही, आजी. ठाऊक नसलेल्या गोष्टीचं काय सांगू? आत्याचे फोटो बघते तेव्हा जावंसं वाटतं. बर्फात उभी असते, मागे मोटार. मग वाटतं, पप्पांनी एवढं केलं. पण तुम्ही सगळे दोन्हींतलं एक निवड म्हणालात तर मी मधुकर म्हणेन. फक्त पप्पांसमोर मी नाही म्हणणार. त्यांचं तोंड बघवत नाही."

"तोंड मी बघीन," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "माझ्या ओळखीचं आहे ते."

त्यांनी एक निरोप धाडला आणि मधुकरला एकट्याला बोलावून घेतलं. रात्रपाळी करून तो सकाळीच आला, डोळे लाल. सुगंधाने पोहे दिले. रुक्मिणीबाईंनी राजारामची युक्ती त्याला जशीच्या तशी सांगितली आणि विचारलं, "तुला पटतं?"

मधुकरने बशी खाली ठेवली. "घाडीकाकांनी परवा आमच्याकडे येऊन सांगितलं हे. आई हो म्हणाली. लग्न वेळेत झाल्याशी तिला मतलब. मला कुणी विचारलं नाही."

"आता विचारते आहे."

"नाही पटत. म्हणजे... माझ्या बायकोला कुणी विचारलं लग्न झालंय का, तर तिने नाही म्हणायचं, हे मला ऐकायला बरं नाही वाटत. पण तिचं नुकसानही करायचं नाही मला. तिला जायचं असेल तर मी मोडतो. मी मोडलं असं सांगा, तिला बोल नको लागायला."

आतल्या खोलीत भांडं पडलं. रुक्मिणीबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

पोरगा गेल्यावर सुगंधा बाहेर आली. ही सून बावीस वर्षांत सासूला उलटून बोलली नव्हती. रुक्मिणीबाई कधीकधी म्हणत की सून आणली का गाय आणली कळत नाही. आज ती पदराला हात पुसत समोर उभी राहिली.

"आई, तुम्ही ठरवलंय ना?"

"ठरवलं नाही अजून."

"ठरवलंय. मला कळतं. मला एवढंच सांगायचंय. वसुताई जाऊन पंधरा वर्षं झाली. दोनदा आल्या. त्यांना कावीळ झाली होती ते तुम्हाला त्या बऱ्या झाल्यावर पत्राने कळलं. तुम्ही तीन दिवस जेवला नव्हता. मी बघितलंय ते. मला तसं नको आहे. मला माझी मुलगी माझ्याजवळ पाहिजे. ती मंगळसूत्र काढून येऊ दे, घालून येऊ दे, माझ्याजवळ येऊ दे."

"मग तू जाऊ नको."

"आणि त्यांना एकटं पाठवू? आठ वर्षं ज्याने वाट बघितली त्याला सांगू, मी येत नाही?"

 एरवी अडलं की रुक्मिणीबाई विषय बदलत. त्या दिवशी त्यांनी विषय बदलला नाही. एवढंच म्हणाल्या, "सुगंधा, पोर मधुकर म्हणते. तुझ्यापाशी नाही बोलली, माझ्यापाशी बोलली. ह्याचा राग धर हवा तर. पण चोरासारखी मी तिला कुठे पाठवणार नाही."

सुगंधाने राग धरला. त्यानंतर ती सासूशी कामापुरतं बोलू लागली. भात वाढू का, दळण टाकून येते, बास.

संध्याकाळी जयवंत आला तेव्हा रुक्मिणीबाईंनी त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं. लग्न ज्येष्ठात, उघड, चारचौघांत. पोरीने मधुकर म्हटलंय. वसूला कळव, तिच्या वकिलाला कळव, अनुचं नाव काढा म्हणावं.

"आणि उद्या बोलावणं आलं तर?" जयवंतने विचारलं. "दिवाळीच्या आत आलं तर? मग, आये?"

"तर माझ्या नावाने खडे फोड."

"फोडीन," जयवंत म्हणाला. तो काही थट्टेत बोलत नव्हता.

लग्न घाटकोपरलाच एका हॉलमध्ये झालं. स्टुडिओतली पोरं आली होती, त्यांनी हॉलवाल्याची माळ बाजूला सारून असे काही दिवे लावले की भटजींना घाम फुटला आणि अंतरपाट धरणारे डोळे मिचकावू लागले. "ही काय शूटिंग आहे काय रे?" रुक्मिणीबाईंनी दम भरला, पण दिवे काढा असं म्हणाल्या नाहीत. चंपाबाईने विहिणीला मिठी मारायची ती रुक्मिणीबाईंनाच मारली. जयवंत सगळं करत होता, अक्षता, पाया पडणं, आहेर. फक्त फोटोवाला "साहेब, जरा हसा" म्हणाला की तो बुटांकडे बघायचा.

आषाढ गेला. श्रावणात चंपाबाईकडे वर्षश्राद्ध झालं. अनुला त्या कोर्सला प्रवेश मिळाला नाही, वय नाही आड आलं, मार्क आले. ती गोरेगावात एका बालवाडीत जाऊ लागली. आणि भाद्रपदात, घरात गणपती बसलेला असताना, वकिलातीचं जाडं पाकीट आलं.

तारीख हलली होती. साधी नव्हे, उडी मारली होती. वर्षाचे उरलेले नंबर संपवायचे म्हणून तिकडच्यांनी रांग एकदम पुढे सरकवली, असं राजारामने सांगितलं. ते सांगताना त्याने रुक्मिणीबाईंकडे पाहिलं नाही. एवढी अक्कल त्याला होती. मुलाखत नवरात्राच्या आधी. अनुला एकवीस पूर्ण व्हायला तेव्हा चांगला दीड महिना बाकी असणार होता. विमानात बसून, तिकडे उतरून, बर्फात फोटो काढून परत फराळाला यायला वेळ उरला असता, इतका.

जयवंतने पाकीट वाचून गणपतीपुढे ठेवलं आणि आरती म्हटली. खडे फोडले नाहीत. फोडले असते तर बरं, असं रुक्मिणीबाईंना वाटलं. तो आपला मोदक दे म्हटलं की द्यायचा, पाणी दे म्हटलं की द्यायचा.

मुलाखतीच्या दिवशी रुक्मिणीबाई बरोबर गेल्या. त्यांना कुणी चल म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही कुणी म्हणालं नाही. ब्रीच कँडीला वकिलातीसमोरच्या फुटपाथवर तीस-चाळीस माणसं बसलेली, आत गेलेल्यांची. कुणी डबा खात होतं, कुणी जपमाळ ओढत होतं. शेजारच्या एका गुजराती बाईने विचारलं, "तमारा कोण?" रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मुलगा आणि सून." बाई म्हणाली, "छोकरां?" म्हणजे मुलंबाळं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "एक मुलगी आहे, लग्न झालं तिचं." 

दुपार टळल्यावर दोघं बाहेर आले. सुगंधाच्या हातात पाकिटं होती.

"झालं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"झालं. चार महिन्यांत निघायचं," जयवंत म्हणाला.

"काय विचारलं?"

"बहिणीचं विचारलं. काम काय करतो विचारलं. मग त्याने कागद बघितला, तिचं नाव होतं अजून त्यात. तिकडून काढायचं राहिलं असणार. म्हणाला, मुलगी कुठे आहे, तिला का नाही आणलं?"

रुक्मिणीबाईंनी त्याला बाही धरून रस्त्यातून फुटपाथवर घेतलं.

"काचेपलीकडे होता. तरणा होता, अनुपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. बाजूला आपली बाई होती, मराठी करून सांगायला. मी म्हणणार होतो, आजारी आहे, उद्या आणतो. तोंडात आलं होतं, आये. उद्या आणली असती ना, तिने काढलं असतं मंगळसूत्र, मी पाया पडलो असतो तर काढलं असतं."

"मग?"

"हीच बोलली," जयवंतने सुगंधाकडे हात केला. "मी तोंड उघडायच्या आधी. म्हणाली, लग्न झालं तिचं, ज्येष्ठात. त्याने लाल पेनाने रेघ मारली. मारताना सॉरी म्हणाला."

सुगंधाने सासूकडे पाहिलं. अनुच्या लग्नानंतर पहिल्यांदा. "तुमच्यासाठी नाही बोलले," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर मला तोंडातून येईना दुसरं."

"माझ्यासाठी बोलावं असं मी कधी म्हटलं?" रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. सुगंधाने घेऊ दिली.

आता अनुला सांगायचं होतं. पाकीट आल्याचं तिला कळलं होतं, पण मुलाखत कधी ते घरातून कुणी सांगितलं नव्हतं. जयवंत म्हणाला, रविवारी येईल तेव्हा सांगू.  दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाई पातळ बदलून एकट्याच निघाल्या, एक बस बदलून गोरेगावला. ठरवलं मी, तर तोंडही मीच दाखवायचं, लोकांच्या हातून निरोप धाडायला मी काय मेले आहे?

मधुकर कामावर होता, चंपाबाई गुडघ्याच्या डॉक्टरकडे. अनु नुकतीच बालवाडीतून आली होती. मंगळसूत्र पाठीवर टाकून मासे तळत होती. आजीला बघून तिने गॅस बारीक केला.

"झालं त्यांचं," रुक्मिणीबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "काल. चार महिन्यांत जातील."

"काल?"

"काल. तुझं नाव होतं अजून. काल गेली असतीस तर मिळालं असतं."

अनुने झारा कढईवर आडवा ठेवला. "काल गेले असते तर," ती म्हणाली. "म्हणजे चार महिने थांबले असते तर दोन्ही झालं असतं? हे लग्न नाही, पण तिकडे जाणं झालं असतं."

"ते झालं असतं."

"मम्मी-पप्पा जाणार, मी इथे."

"हो."

"पुढे पप्पा नागरिक झाले की लग्न झालेल्या मुलीसाठी अर्ज भरता येतो ना? राजारामकाका म्हणत होते."

"येतो. ती आणखी वेगळी रांग. तीही लांबच."

"मला नको," अनु म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तू मला म्हणालीस का एकदा तरी, की थांब, चार महिने थांब, काय होतंय बघ? सगळं जग थांब थांब म्हणायचं, आणि जेव्हा खरंच थांबायचं तेव्हा तू म्हणालीस नको."

"चंपाबाय थांबणार नव्हती. तीन वर्षं पुढे गेलं असतं."

"मधुकर थांबला असता."

"थांबला असता?"

अनुने झारा उचलून मासा उलटला. तेल तडतडत होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "तो तर मोडायला तयार होता ना माझ्यासाठी. त्याने सांगितलं मला नंतर." मग डोळे पुसून म्हणाली, "मी त्याच्यावर नाराज नाही. इथे मला बरं आहे. पण मम्मी जाणार, आजी. आज मला तुझ्याकडे बघवत नाही. तू जा आज."

दुसरी कुणी असती तर रुक्मिणीबाईंनी तिला तिथल्या तिथे चार शब्द ऐकवले असते. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, भिंतीला टेकून पाय पसरले आणि म्हणाल्या, "जाते. जेवून जाते. सकाळपासून पोटात काही नाही."

अनुने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने ताट घेतलं. भात वाढला, आमटी वाढली, तळलेला बांगडा वाढला, सगळं जरा जोरातच. पाण्याचा तांब्या आदळला. स्वतःचं ताट घेतलं नाही, दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली.

रुक्मिणीबाईंनी पहिला घास घेतला.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

"माहितेय," अनु न वळता म्हणाली. "खा."